माती किती वाजता?

आमच्या गावच्या एसटी थांब्यासमोर पाराच्या भिंतीला एक काळा फळा आहे. वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. नाव कशाला सांगू, या पट्ट्यात गावोगावी असा फळा असतो. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे म्हणून खडूही माझ्याकडे. शाळेतून निवृत्त झालो, पण फळा काही सुटला नाही. गावात कुणी गेलं की अवेळी फोन वाजतो, "गुरुजी, आबा गेलं. फळ्यावर लिवा." मी ओल्या फडक्यानं आदल्या मयताचं नाव पुसतो आणि फळा वाळेपर्यंत थांबतो, कारण ओल्या फळ्यावर खडू नुसता घसरतो. तेवढ्यात पाठीमागे चार माणसं येऊन उभी राहिलेली असतात. त्यांचा प्रश्न ठरलेला : "माती किती वाजता?"

मयत पाटलांच्या घरचं असो, जंगमांच्या, मुलाण्यांच्या की बौद्धवस्तीतलं, प्रश्न हाच. जाळणार असले तरी माती, पुरणार असले तरी माती. "काल कराडला मातीला गेलतो", "पाव्हण्यांच्यात माती झाली", असं आम्ही बोलतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पंचाईत माझी होते. फळ्यावर 'माती' असं लिहायची रीत नाही. फळा पडला लेखी मराठीतला, आणि लेखी मराठीत शिरलं की मेलेल्या माणसाला आधी जात-धर्म चिकटतो, मग वेळ आणि ठिकाण.

वीस वर्षांत मी काय काय लिहिलं ते सांगतो. माळकरी असेल तर 'वै. ह. भ. प.'. माळ नसेल तर 'कै.'. म्हणजे एकाला वैकुंठाचा पत्ता, दुसऱ्याला कैलासाचा. लिंगायत असेल तर 'लिंगैक्य'. बौद्ध असेल तर 'कालकथित', आणि खाली 'जलदान विधी व पुण्यानुमोदन'. ख्रिस्ती असेल तर 'ख्रिस्तवासी', किंवा घरच्यांनी सांगितलं तर 'प्रभूमध्ये निद्रिस्त'. मुसलमान असेल तर 'पैगंबरवासी', आणि तिसऱ्या दिवसाला 'रक्षाविसर्जन'च्या जागी 'जियारत'. एकदा मुलाण्यांच्या चाचांनी फळ्यासमोर उभं राहून शांतपणे विचारलं, "गुरुजी, ह्ये पैगंबरवासी म्हंजी काय ओ? आमच्यात असलं काय न्हाई. आमी मरहूम म्हंतो." मला उत्तर सुचलं नाही. पेपरात तसंच छापून येतं, म्हणून मीही लिहीत होतो. कैलासवासीच्या साच्यात ओतून कुणा भल्या माणसानं हा शब्द पाडला असणार. हेतू चांगलाच असेल, पण ज्याच्यासाठी पाडला त्याला कुणी विचारलं नव्हतं.

हे सगळे शब्द खोडून टाका, असं माझं म्हणणं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या माणसाला आपल्या शब्दात निरोप द्यावा. 'लिंगैक्य' किंवा 'कालकथित' म्हणण्यामागे त्या त्या समाजाचा इतिहास आहे, मानही आहे. माझी तक्रार आहे ती सगळ्यांच्या मालकीच्या जागांबद्दल. ग्रामपंचायतीचा ठराव, सातबारा, स्मशानाच्या कमानीवरची पाटी, पेपरातली बातमी, सभेतलं भाषण. इथे आपण जे शब्द वापरतो त्यांनी गावातले मेलेले लोक वेगवेगळ्या ओळींत उभे केलेत. आणि मग जिवंत माणसांना लाकूड, पाणी, रस्ता, शेड त्याच ओळीप्रमाणे मिळतं. बोलीत सगळ्यांसाठी एक शब्द तयार असताना हे चाललंय.

त्या शब्दाकडे जरा नीट बघू. पुरताना प्रत्येक जण मूठभर माती टाकतो, ती मूठमाती. जाळणाऱ्यांच्यात मूठमातीचं तसं काम नाही, तरी शब्द राहिला. जतच्या बाजूला ज्या घरांतून कन्नड बोलतात तिथेही अंत्यविधीला जाणं म्हणजे 'मण्णिगे' जाणं, मण्णु म्हणजे माती. कुणी कुणाकडून घेतलं या वादात मी पडत नाही. कृष्णेच्या या खोऱ्यात दोन्ही भाषा शेजारीशेजारी नांदल्या, शब्दांनी शीव कधी मानली नाही. गावाबाहेर पडलेला वीरगळ म्हणतो आपण, त्यातला 'गळ' हा कन्नडमधला 'कल्लु', म्हणजे दगड. लढताना पडलेल्याची खूण शेजाऱ्याच्या शब्दात कोरलेली आहे आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

"आपल्यात जाळतात, त्यांच्यात पुरतात" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं, वर्गात मुलांना सांगितलंही असेल. ते खरं नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पितरांना बोलावताना 'अग्निदग्ध' आणि 'अनग्निदग्ध' अशा दोघांनाही हाक आहे, म्हणजे अग्नीनं जाळलेले आणि न जाळलेले. त्याच मंडलातल्या अठराव्या सूक्तात भूमीला विनवलंय, की आई पदरानं लेकराला झाकते तसं याला झाक. पुढे गृह्यसूत्रांनी हे मंत्र अस्थी पुरण्याच्या विधीकडे वळवले, पण मातीशी गाठ सुटली नाही ती नाहीच. खुद्द 'श्मशान' या शब्दात आग कुठेही नाही. वेदांतल्या शब्दांची फोड सांगणाऱ्या यास्काचार्यांनी तो फोडला तो असा : श्म म्हणजे शरीर, ते जिथे निजतं ते श्मशान. ग्रीकांचा जो शब्द पुढे इंग्रजीत 'सिमेट्री' झाला त्याचाही अर्थ निजायची जागा. मिरजेतला एखादा ख्रिस्ती माणूस वडिलांच्या कबरीवर 'निद्रिस्त' कोरून घेतो तेव्हा तो यास्काच्या फार लांब नसतो.

आणखी मागे जायचं तर शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेलं. मोठ्यांची पावलं घोट्याजवळ तोडलेली. मेलेला उठून चालू लागू नये म्हणून असावं, असं अभ्यासक मानतात. म्हणजे मेलेलं माणूस घराखालीच हवं, पण ते फिरायला नको! या दोन्ही भावना आजच्या कुठल्याही घरात एखादं मयत झाल्यावर रात्री बसून बघा, जशाच्या तशा सापडतील.

पण वेदांपर्यंत आणि घोड नदीपर्यंत जायची गरजच काय? आमच्याच घरचं सांगतो. माझ्या पाठीवर एक भाऊ झाला होता, तो चार दिवसांचा होऊन गेला. लहान लेकराला अग्नी देत नाहीत. वडिलांनी आणि चुलत्यानं त्याला मळ्यात बांधाकडेला पुरलं, वर बाभळीची फांदी टाकली आणि दगड रचले, कोल्ह्या-कुत्र्यानं उकरू नये म्हणून. त्या जागेला काही नाव नव्हतं. थडगं नाही, समाधी नाही, नुसतं 'बाळाजवळ'. "बाळाजवळच्या सरीला पाणी लाव," असं आई म्हणायची. औत वळवताना वडील तिथं बैलांचा कासरा आखडता घ्यायचे. आता तिथे ऊस आहे, ट्रॅक्टरवाल्याला काही माहीत नाही. ज्या घरात असं एकही 'बाळाजवळ' नाही असं जुनं शेतकरी घर मला दाखवावं. गोसावी समाधी देतात, लिंगायत देतात, संन्यासी जाळत नाहीत, कितीतरी दलित घरांत पुरण्याची रीत होती आणि आहे. एक देह जळायला तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागतं. ते विकत आणायची ऐपत नसली की धर्म काय सांगतो हे कोण विचारत बसतं?

आता 'समाधी'. हा मोठा मजेशीर शब्द आहे. मूळ योगातला, चित्ताची एक अवस्था. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला संजीवन समाधी घेतली, तेव्हा ती 'घेतली'. मग ती दिली जाऊ लागली, मग बांधली जाऊ लागली, आणि शेवटी समाधी म्हणजे चौथरा झाला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे. महाराज गेले १५ डिसेंबर १७४९ ला. तिथेच त्यांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघाच्या तोंडातून त्यानं धन्याला वाचवल्याची गोष्ट सातारकरांना पाठ असते. कुत्र्याच्या दगडाला समाधी म्हणायला कुणाची हरकत नाही, माझीही नाही, इमानी जनावर होतं ते. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. दरवर्षी २५ नोव्हेंबरला सगळ्या पक्षांचे लोक तिथे फुलं वाहून जातात. सज्जनगडावर रामदासस्वामींची समाधी. यातल्या कुणाला अग्नी दिला आणि कुणाला नाही, याच्याशी शब्दाला देणंघेणं उरलेलं नाही. तो मानाचा शब्द झाला. राजाला, साधूला, पुढाऱ्याला, राजाच्या कुत्र्याला मिळतो. चरणूबाई नावाची एखादी भांगलणीला जाणारी बाई गेली तर तिला मिळत नाही. लिंगायतांचं मला यासाठी कौतुक वाटतं. त्यांच्यात किराणा दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईलाही समाधी, बसलेल्या अवस्थेत, हातात इष्टलिंग, कपाळी विभूती. तिथे शब्द पदानुसार वाटला जात नाही.

'थडगं' या शब्दाचं उलटं झालं. आमच्या लहानपणी तो साधा होता. इंग्रजांची थडगी, पिराच्या माळावरचं थडगं, असं म्हणताना कुणाच्या कपाळाला आठी पडत नव्हती. आता तो शब्द उच्चारला की ऐकणारा आधी बोलणाऱ्याचा पक्ष ओळखतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाला पुरलं. लढाई १० नोव्हेंबर १६५९ ची. मारलेल्या शत्रूचंही दफन रीतीनं होऊ दिलं, असं महाराजांबद्दल आपण मुलांना अभिमानानं सांगतो. २०२२ च्या १० नोव्हेंबरलाच प्रशासनानं तिथलं वाढीव बांधकाम पाडलं. त्या दिवसांत टीव्हीवर एकाच जागेला कुणी थडगं म्हणत होतं, कुणी कबर, कुणी मजार, कुणी दर्गा. प्रत्येक शब्द मुद्दाम निवडलेला. अतिक्रमण होतं तर ते पाडायलाच हवं, मग ते कुणाच्याही नावावर असो. त्याला शब्दांच्या शिवीगाळीची गरज नव्हती. पण त्या दिवसापासून 'गाडला', 'याच मातीत गाडला' हे इतकं कानावर पडतंय की मराठीतलं पुरण्याचं क्रियापद म्हणजे जणू तेवढं एकच. निवडणुकीत उमेदवाराला गाडायचं, विचाराला गाडायचं, शत्रूला गाडायचं.

त्याचा परिणाम मी फळ्यासमोर उभा राहून पाहिलाय. चाचांचे थोरले भाऊ वारले. मी लिहीत होतो, सातवी-आठवीतला एक पोरगा सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "सर, ह्यास्नी गाडणार कधी?" चाचांचा मुलगा शेजारीच उभा होता. पोराच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, त्याच्या आजाच्या वेळी त्यानंच मला "माती कवा हाय?" विचारलं होतं. पण मुसलमान म्हटल्यावर त्याला माहीत असलेला शब्द तोच. तो त्यानं कुठून उचलला हे त्याला विचारून काय उपयोग? मी म्हणालो, "माती साडेपाचला आहे." चाचांचा मुलगा काही बोलला नाही, खडूचा डबा माझ्या हातात देत राहिला.

पुरणे, गाडणे, दफन करणे, मूठमाती देणे हे समानार्थी शब्द म्हणून आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. समानार्थी कसले! पुरतात ते बाळाला, हंड्यातल्या सोन्याला, मेलेल्या बैलाला. गाडतात ते वैऱ्याला आणि खांबाला. दफन करतात ते पेपरात. मूठमाती तर आता नुसती तत्त्वांना देतात. शेजाऱ्याच्या बापासाठी या यादीतलं काय वापरावं, हे मराठीच्या कुठल्याही पाठात येत नाही.

मान दिला की शब्द आपोआप बदलतो, याचा दाखला मिरजेत आहे. मिरासाहेबांचा दर्गा म्हणजे शेवटी कबरच. तिथल्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना गेले, त्यांना मिरजेला आणून याच दर्ग्याच्या आवारात माती दिली. गवई लोक तिथे येऊन गातात, ऐकायला सगळं मिरज बसतं. तिथे कुणाच्या तोंडून 'थडगं' येतं का? मी तरी कधी ऐकलं नाही.

हे झालं माणसांपुरतं. जागेच्या नावांची वेगळीच तऱ्हा आहे. जुना शब्द मसण, मसणवटा. 'अर्ध्या गोवऱ्या मसणात गेल्या' असं म्हातारी माणसं हसत हसत स्वतःबद्दल म्हणायची. मग 'मसणात जा' ही शिवी झाली, म्हणून आपण संस्कृताकडे वळून स्मशानभूमी म्हणू लागलो. आता तेही अंगावर येतं म्हणून धाम आलं. सातारकर माहुलीजवळच्या 'कैलास'ला जातात, सांगलीकर 'अमरधाम'ला, आणि लहान गावांच्या कमानींवर 'वैकुंठधाम', 'मोक्षधाम'. दुःखात बुडालेल्या माणसाला कमानीवर जरा बरं नाव दिसावं, हे मी समजू शकतो. पण पंचायतीच्या पैशातून, सगळ्यांच्या घरपट्टीतून बांधलेल्या जागेला 'मोक्षधाम' म्हटलं की ज्याच्या विचारात मोक्षच नाही त्याचं काय? बौद्ध माणसाला तिथे पाऊल ठेवताना आधी कमानीशी वाद घालावा लागतो. मग तो म्हणतो, आमची जागा ओढ्यापलीकडे आहे तीच बरी. आणि गाव म्हणतं, बघा, त्यांनाच वेगळं पाहिजे.

कायदा या बाबतीत गावापेक्षा शहाणा निघाला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम २२. गावातली मोकळी सरकारी जमीन कशाकशासाठी राखून ठेवता येते त्याची यादी त्यात आहे. गुरांची चराई, वैरण, गावठाण, मळणीची जागा, बाजार, कातडी सोलायची जागा, आणि त्यातच दफनभूमी किंवा दहनभूमी. एका दमात दोन्ही, आणि कुठल्या जातीची हे कुठेही नाही. जनसुविधा योजनेतून ग्रामपंचायतीला शेडसाठी, रस्त्यासाठी पैसे येतात तेव्हाही कागदावर असतं 'दहन/दफनभूमी'. मधल्या त्या तिरप्या रेघेवर माझा फार जीव आहे. गावात आल्यावर तीच पुसली जाते.

आमच्याकडे शेड मंजूर झालं तेव्हा ग्रामसभेत पाटीवर काय लिहायचं यावर दीड तास गेला. एकानं 'हिंदू स्मशानभूमी' सुचवलं. मी विचारलं, जंगम त्यात धरले का? ते तर पुरतात. धरले, म्हणाले. मग गोसावी? धरले. मग ओढ्यापलीकडच्या वस्तीतले? त्यावर खाली बघून कुणीतरी म्हणालं, त्यांची हाय की वेगळी जागा. त्या वेगळ्या जागेला रस्ता नाही. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून खांदेकरी जातात, तिरडी वाकडी होते म्हणून मागचे दोघे खांदा बदलत नाहीत. सातबाऱ्यावर तिची धड नोंद नाही, म्हणून दरसाल शेजारच्या उसाची एक सरी आत सरकते. निधी 'स्मशानभूमी'ला येतो, आणि गावाच्या लेखी स्मशानभूमी एकच, ती नदीकाठची. दुसरी नुसती 'त्यांची जागा'. ज्याला नाव नाही त्याला अंदाजपत्रकात रकाना कुठून येणार? शब्दांनी पोट भरत नाही म्हणतात, पण शेडचे पत्रे शब्दावरच येतात, हे मी त्या दीड तासात बघितलं.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा चढली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नदीकाठची आमची शेडवाली, कमानवाली जागा छतापर्यंत बुडाली. त्या आठवड्यात गावात दोन म्हातारी माणसं गेली, दोन्ही वरच्या आळीतली. कोरडी जागा एकच उरली होती, ओढ्यापलीकडची, कारण ती माळावर आहे. माती तिथेच झाली. वस्तीतल्या पोरांनी गोवऱ्या दिल्या, पत्रा धरून उभी राहिली. कुणीही काही बोललं नाही, बोलण्यासारखे ते दिवस नव्हते. पाणी ओसरलं, गाळ काढला, कमान रंगवली, आणि पुढच्या मयतापासून गाव पुन्हा नदीकाठी. बाबा आढावांनी १९७० च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' म्हणून रान उठवलं. आज आमच्याकडे नळ एकाच टाकीचा आहे, तोंडं वेगळी पण पाणी एक. सरण मात्र अजून आळीआळीचं. स्मशानाबद्दलही तशीच घोषणा अधूनमधून ऐकू येते, ग्रामसभेत टाळी मिळते, ठराव होत नाही.

मसणाशी जोडलेल्या या शब्दांत आणखी एक शब्द आहे, तो माझ्या हातून वर्षानुवर्षं शाळेच्या दाखल्यावर लिहिला गेला. भटक्या जमातींत 'मसणजोगी' आहेत, आणि सरकारी यादीत त्यांच्यालगत 'सुडगाडसिद्ध'. सुडुगाडु म्हणजे कन्नडमध्ये मसणच. बाकी सगळ्या गावानं मसण हा शब्द टाकून वैकुंठधाम घेतलं, पण ते लेकरू पहिलीपासून मसण नावापुढे घेऊन हिंडतं. शिष्यवृत्तीसाठी तो दाखला लागतो, म्हणून मीही मुकाट्यानं लिहायचो.

माझ्या म्हणण्यावर माझा जंगम मित्र भांडतो. "तू सगळ्यांना एकाच शब्दात कोंबायला निघालास," म्हणतो. "आमची पुरायची रुद्रभूमी आहे, आमच्या पूर्वजांनी भांडून मिळवली. ती उद्या 'सार्वजनिक' केलीस की समाध्यांवर कोण सरण रचणार नाही कशावरून?" त्याच्या भीतीत तथ्य आहे. पुरायची जागा पिढ्यान्पिढ्या राहते, जाळायची जागा दुसऱ्या दिवशी मोकळी होते. दोन्हींचा हिशेब वेगळा. आत कुणाचा भाग कुठला, हे ठरवावंच लागेल आणि ते कागदावर पक्कं करावं लागेल. पण कुंपण एक असावं, रस्ता एक, नळ एक, आणि बाहेरच्या पाटीवर कायद्यातलंच साधं लिहावं : 'स्मशानभूमी, दहन व दफन'. त्याखाली गावाचं नाव. देवाधर्माचं नाव कमानीवर नको. बातमीदारांनी 'गाडलं' हा शब्द कुणाच्याही मरणाला वापरू नये, आणि सभेतल्या वक्त्यांनी तो खांबांसाठी राखून ठेवावा. मित्राला हे निम्मं पटतं. निम्म्यावर आमचा वाद सुरू आहे, चहा त्याच्याकडे असतो म्हणून मी हरतो.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा. पुण्यात नोकरीला असलेल्या एकानं वडिलांच्या वेळी मला सुनावलं, "सर, 'माती' काय लिहिता? गावंढळ वाटतं. 'अंत्यसंस्कार' लिहा." मी लिहिलं, ज्याचा बाप त्याचा शब्द. पण तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तेव्हा त्यानंच रक्षा नदीत सोडायला नको म्हटलं. अलीकडे बरीच घरं असं करतात. राख मळ्यात खड्डा काढून टाकली आणि वर केशर आंब्याचं रोप लावलं. रोपाच्या बुडाशी सगळ्यांनी मूठमूठ माती ढकलली. गावंढळ शब्द शेवटी त्याच्या हातातच येऊन बसला होता. मी काही बोललो नाही, अशा वेळी मास्तरकी करू नये.

गेली दोन वर्षं मी फळ्यावर नावाआधी काही लिहीत नाही. नाव, वय, आळी. त्याखाली 'माती', वेळ आणि जागा. त्याखाली घरचे सांगतील ते, रक्षाविसर्जन किंवा जियारत किंवा जलदान. चाचा एकदा बघून गेले, मान हलवली. सकाळी दूध घालायला जाताना मी फळ्यावरून नजर फिरवतो. पुष्कळदा रात्रीतून कुणीतरी आपल्या खडूनं, वेड्यावाकड्या अक्षरात, नावाच्या आधी 'कै.' काढून गेलेलं असतं. ते मी पुसत नाही.